मोऱ्या दाराशी आला की शून्य

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भिंगारच्या घरी ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. "सर, दिवाळी अंकासाठी गणिताच्या मास्तराचे गमतीदार अनुभव लिहा. लोक गणिताला भितात, त्यांना जरा हसवा," असं ते म्हणाले. मी लगेच हो म्हणालो. हसवायचं साहित्य माझ्याकडे फाईलभर होतं. आता लिहायला बसलोय, तर त्या फाईलमधल्या एकाच कागदाची झेरॉक्स समोर ठेवलीय आणि त्यावर हसू काही येत नाही. संपादकांनी लेख परत पाठवला तरी माझी तक्रार नाही.

चौतीस वर्षं मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवलं. अकोले म्हणजे विदर्भातलं नव्हे, आमच्या नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचं, डोंगरातलं. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी आणि कारकुनी. मला तिकडे नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "दोन वर्षं काढ, मग नगरला बघू." ती दोन वर्षं निवृत्तीपर्यंत चालली. तालुक्यात माझं नाव झालं होतं. बारावीचा गणिताचा निकाल आमच्याकडे कधी घसरला नाही, आणि त्याचं श्रेय मी कुणाला वाटून दिलं नाही. तो निकाल कसा टिकत होता ते पुढे सांगतो.

ज्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर तुटला, त्यांच्यासाठी आधी थोडं धंद्याचं. दहावीत त्रिकोणमिती म्हणजे एक काटकोन त्रिकोण. कोनासमोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, कोनालगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन. तीस अंशांचा साइन अर्धा. झाडाची उंची काढा, दीपगृहावरून होडी बघा, असली गणितं. समुद्र न पाहिलेली आमची पोरं दीपगृहावरून होड्या बघायची आणि पास व्हायची.

अकरावीत आम्ही एके दिवशी फळ्यावर साइन दीडशे अंश लिहितो. आता काटकोन त्रिकोणात एक कोन नव्वदाचा असतो, उरलेले दोन मिळून नव्वद. त्यात दीडशेचा कोन मावणार कुठे? मावतच नाही. तिथे त्रिकोण सोडून द्यावा लागतो आणि वर्तुळ घ्यावं लागतं. वर्तुळावर एक ठिपका फिरतोय असं धरायचं. तो किती फिरला तो कोन, आणि मधल्या आडव्या रेषेपासून किती वर किंवा खाली गेला तो साइन. सगळी मेख या एका पायरीत आहे. इथे जो थबकला त्याला पुढचं सगळं मंत्र म्हणून पाठ करावं लागतं.

आणि मी मंत्रच देत होतो. वर्तुळाची आकृती काढायचो, तिचे चार भाग करायचो, त्यांना चरण म्हणतात, आणि सांगायचो, "अॅड शुगर टू कॉफी. पहिल्या चरणात ऑल, म्हणजे सगळे धन. दुसऱ्यात शुगरचा एस, साइन धन. तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. झालं. लिहा." साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात शुगर विसरणार कोण? पोरं खूश, मी खूश. त्यातून अकरावीचं विज्ञान इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं जूनमध्ये एकदम क्वाड्रंट आणि रेडियन ऐकायची आणि मान डोलवायची. मान डोलवणं म्हणजे कळणं, अशी माझी समजूत होती.

एक उदाहरण देतो. माझा एक जुना विद्यार्थी शनिशिंगणापूरला दुकानदारांना पत्र्याच्या शेड उभारून देतो. मध्यंतरी त्याचा साइटवरून फोन आला.

"सर, मशीन बिघडलं व्हय? साइन तीस दाबतोय तर उणे पॉइंट नऊ आठ आठ येतंय. अर्धा यायला पायजे ना?"

"कॅल्क्युलेटरच्या वरच्या कोपऱ्यात आर दिसतोय का?"

"दिसतोय."

"ते रेडियन आहे. डी कर, अंश होतील."

खटखट ऐकू आलं. "आला, अर्धा आला! पण सर, रेडियन म्हंजी काय वो?"

"अरे, अकरावीला शिकवलं होतं की."

"आसंल," तो म्हणाला, "लिहून दिलं आसंल तुमी."

मी हा किस्सा हसत हसत पुष्कळांना सांगितला, बावळट पोरगा म्हणून. त्याने मला काय ऐकवलं ते माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ जावा लागला.

आता फाईलचं सांगतो. नोकरीच्या सुरुवातीपासून मी उत्तरपत्रिकांतले नमुने जमवायचो. तिचं नाव मी ठेवलं होतं फराळ. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी शिकवणं बंद, मी वर्गात फराळ वाचायचो. नाव झाकून, अर्थात. एकाने लिहिलं होतं, "टॅन नव्वद कुठेच नसतो पण त्याच्या जवळपास सगळे असतात." दुसऱ्याने, "आकृती मोठी असल्याने ती पुढच्या पानावर गेली आहे," आणि पुढचं पान कोरं. मी नाटकी माणूस, कुठे थांबायचं ते मला कळतं. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळायची. गणिताच्या तासाला एवढं हसू येतं याचा मला अभिमान होता.

या फराळातला सर्वांत लोकप्रिय पदार्थ होता मोऱ्या. तो बैल होता. तो ज्या मुलीने लिहिला तिचं नाव सुनंदा.

सुनंदा धरणाकडच्या एका वाडीतली. सकाळच्या जीपने मागच्या फळीवर बसून यायची, पहिल्या तासाला पाच मिनिटं उशीर ठरलेला. मी दारात थांबवायचो, ती थांबायची. वर्गात बोलायची नाही. अकरावीच्या पावसाळ्यात, मी शुगर आणि कॉफी लिहून झाल्यावर, तिने हात वर केला.

"सर, दीडशे अंशाचा कोन त्रिकोनात मावतच न्हाई. मंग त्याची समोरची बाजू कोनती?"

सांगून ठेवतो, चौतीस वर्षांत हा प्रश्न मला वर्गात एकदाच कुणी विचारला. सगळ्यांनी विचारायला हवा असा तो प्रश्न. मी म्हणालो, "दुसरा चरण. शुगर. साइन धन. वेळ नाही, पुढे चला." वर्ग हसला आणि ती बसली. अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत निम्मा संपवायचा होता, हे माझं कारण. त्या वेळी ते मला पुरेसं वाटलं.

पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीआधी झाली. सुट्टीत मी पेपर तपासले. तपासायचीही एक रीत असते. आदर्श उत्तर आधी लिहून ठेवायचं, त्यातल्या पायऱ्या शोधायच्या, पायरी दिसली की मार्क, नाही दिसली की पुढे. शंभर पेपर तपासणारा माणूस वाचत नसतो, शोधत असतो. चार मार्कांचा प्रश्न होता, साइन दीडशेची किंमत काढा आणि कारण द्या. इतरांनी सूत्र लिहून एका ओळीत अर्धा आणला होता. सुनंदाने पानभर मराठीत लिहिलं होतं. ते आता माझ्या समोर आहे, तसंच उतरवतो.

"आमच्या खळ्यात मधोमध मेढ आहे. नागली मळताना मेढीला दोर बांधून मोऱ्या गोल फिरतो. दोर ताणलेला असतो. आमच्या घराचे दार खळ्यासमोर आहे. मी दारात उभी राहते. मोऱ्या दाराशी आला की शून्य. तिथून तो उजवीकडे गंजीकडे जातो. तीस अंश फिरला की दारापासून मेढीपर्यंतच्या सरळ रेषेपासून अर्धा दोर गंजीकडे असतो. नव्वदला पूर्ण दोर. मग तो मेढीच्या मागे जायला लागतो. दीडशेला तो मागच्या बाजूला असतो पण रेषेपासून पुन्हा अर्धाच दोर गंजीकडे असतो. म्हणून साइन तीस आणि साइन दीडशे सारखेच, अर्धा. मेढीच्या पार मागे गेला की परत शून्य. नंतर तो डावीकडे गोठ्याच्या बाजूला जातो, ते वजा. रेषा ओलांडताना मोऱ्या पटकन सरकतो आणि गंजीच्या टोकाला गेला की थांबल्यासारखा वाटतो, पण तो थांबत नाही, चाल तीच असते."

मी दोन ओळी वाचल्या, बैल दिसला, आणि उभी लाल रेघ मारून शून्य दिलं. आणखी दोन प्रश्नांत तोच मोऱ्या होता. एकात, "वरीलप्रमाणेच, मोऱ्या गोठ्याकडे असल्याने उत्तर वजा." दुसऱ्यात रेडियनची व्याख्या विचारली होती. "मोऱ्या फिरायच्या वाटेवर दोराएवढा चालला की एक रेडियन. पूर्ण फेरीला सहा दोर आणि वर पाव दोराहून थोडे जास्त लागतात. मी दोर टाकून मोजले आहे." तिथेही शून्य, आणि समासात माझ्या वळणदार अक्षरात एक शेरा. "खळे घरी ठेवावे."

एकूण एकोणतीस.

आता निकाल कसा टिकायचा ते. आमच्या कॉलेजात पहिल्या सत्रानंतर गणितात चाळिसाच्या खाली असलेल्यांची यादी व्हायची. पालकांना बोलवायचं, समजावायचं आणि मुलाला कलाशाखेत हलवायचं. म्हणजे बारावीला आमच्याकडून फक्त पास होणारेच बसायचे. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण यादी मी करायचो. मुलांच्या भल्यासाठी, असं आम्ही म्हणायचो आणि निम्म्या वेळा ते खरंही असायचं.

सुनंदाचे वडील आले. धुतलेला सदरा, चप्पल दाराबाहेर काढून ठेवलेली. खुर्चीवर बसायला तयार नाहीत.

"सर, तिला धरनावर साहेब व्हायचंय," ते म्हणाले. "पानी सोडायचं, किती सोडायचं ते मोजायचं. शाळेत असताना सहलीला गेल्ती, तवा तितल्या साहेबानी लई समजून सांगितलं तिला. तवापासनं तेच डोक्यात हाय तिच्या."

"त्यासाठी इंजिनीअर व्हावं लागतं," मी म्हणालो. "त्याला गणित लागतं. तिच्या डोक्यात गणित शिरत नाही. उगाच दोन वर्षं वाया घालवू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका असती तर मला आज जरा बरं वाटलं असतं. "तुमी म्हन्ता म्हंजी बरूबरच आसंल," ते म्हणाले आणि फॉर्मवर सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

सुनंदा बाहेर व्हरांड्यात उभी होती. मी निघालो तेव्हा पुढे आली.

"सर, माझा पेपर बघायला मिळंल का?"

"पेपर ऑफिसात जमा झाले," मी म्हणालो.

पेपर माझ्या पिशवीत होता, फराळाच्या फाईलमध्ये. मी तो घरी बायकोला वाचून दाखवणार होतो. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

पुढच्या दिवाळीपासून मोऱ्या वर्गात आला. दरवर्षी. मी खळं उभं करायचो, टेबलाभोवती बैलासारखी फेरी मारायचो, दाराशी येऊन थांबायचो आणि म्हणायचो, "मोऱ्या दाराशी आला की?" वर्ग ओरडायचा, "शून्य!" दोन-तीन वर्षांत हे कॉलेजभर झालं. कुणाला मार्क कमी पडले की पोरं म्हणायची, मोऱ्या दाराशी आला. मी इतक्या वेळा ते पान वाचलं की मला ते पाठ होतं. आणि एकदाही वाचलं नव्हतं. मी फक्त हशा कुठे येतो ते ऐकत होतो.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी शेळके मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, राहुरीकडच्या शेतकरी घरातल्या, बोलायला फटकळ. गेल्या दिवाळीआधी त्यांनीच मला बोलावलं. "सर, तुमच्या फराळाबद्दल सगळे सांगतात. या शनिवारी या ना." मी खूश होऊन फाईल घेऊन एसटीने गेलो. माणूस निवृत्त झाला की कुणी बोलावल्याचा आनंद किती होतो ते निवृत्तांनाच माहीत.

मी वाचलं. टॅन नव्वदला पोरं हसली, कोऱ्या पानाला हसली. मग मी मोऱ्या काढला. फेरी मारली, गुडघा दुखत होता तरी मारली. पोरं हसली. मागच्या बाकावर बसलेल्या शेळके मॅडम हसल्या नाहीत. त्या उठून पुढे आल्या.

"सर, तो कागद जरा द्या."

त्यांनी उभ्यानेच वाचला. मग खडू घेतला. फळ्यावर वर्तुळ काढलं, मधे मेढ, उजव्या अंगाला आडव्या रेषेवर दार. दारातून मेढीकडे तोंड करून उभं राहिलं तर गंजी उजव्या हाताला, म्हणजे आकृतीत वर. गोठा डाव्या हाताला, आकृतीत खाली. तीसवर एक फुली, दीडशेवर एक फुली, दोन्हींपासून रेषेपर्यंत दोन उभ्या रेघा. सारख्या लांबीच्या. मी चौतीस वर्षं फळ्यावर काढत आलो तीच आकृती. तिच्यात फक्त एक बैल आणि एक घर जास्त होतं.

त्यांनी खडू ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "हे बरोबर आहे. शब्द न् शब्द."

मला आधी राग आला. वर्गासमोर, माझ्याच फळ्यावर! मी म्हणालो, "सूत्र कुठे आहे यात?"

"सूत्र यातून निघतं, सर. आणि हे शेवटचं बघा, रेषा ओलांडताना पटकन, टोकाला थांबल्यासारखा. साइन कुठे किती वेगाने बदलतो, हे आपण बारावीला शिकवतो. तिने अकरावीला दारात उभं राहून पाहिलंय. माझ्या वर्गात असं कुणी पाहिलेलं नाही अजून." मग त्यांनी हळूच विचारलं, "कोण होती ही?"

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, मग तिला मार्क किती दिले होते?"

"शून्य," मी म्हणालो. या वेळी वर्ग ओरडला नाही.

घरी येऊन मी तो पेपर पुन्हा तपासला. या वेळी वाचला. तीन प्रश्न, प्रत्येकी चार मार्क, तिन्ही बरोबर. एकोणतीसचे एक्केचाळीस झाले. यादीची रेघ चाळिसाला होती. मार्क बदलले की परीक्षकाने शेजारी सही करायची असते. मी जुना आकडा खोडला, नवा लिहिला, सही केली. मग बसून राहिलो, कारण ते मार्क चढवायला आता रजिस्टर नव्हतं. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "एक पेपर चुकला." ती म्हणाली, "चौतीस वर्षांत एक?" तिने सहज विचारलं होतं. पण मला त्या फाईलमधले बाकीचे कागद उघडायचा धीर झाला नाही आणि अजूनही झालेला नाही. यादीत दरवर्षी पंधरा-वीस नावं असायची. त्यांचे पेपर तर रद्दीत गेले.

कॉलेजातल्या जुन्या शिपायाकडून सुनंदाचा पत्ता मिळाला. डिसेंबरात मी गेलो. नगरहून संगमनेर, तिथून अकोले, पुढे जीप. मागच्या फळीवर बसलो, मुद्दाम. तासाभरात कंबर मोडली. ही मुलगी या फळीवरून रोज येत होती आणि मी तिला पाच मिनिटांसाठी दारात उभी करत होतो.

धरणाच्या पाण्याकाठी आता तंबू झालेत. पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवार राहायला येतात. सुनंदा आणि तिचा नवरा तिथे जेवण करून देतात. मी पोचलो तेव्हा ती पत्र्याच्या आडोशाला चुलीवर भाकऱ्या थापत होती. पस्तिशीची बाई, कपाळावर पीठ. मला वाटलं होतं, ओळख द्यावी लागेल.

"सर? तुमी? हिकडं कसं?" ती उठलीच. पदराने खुर्ची पुसली, चहा टाकला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी दहा मिनिटं हवापाण्याचं बोलत राहिलो. शेवटी पिशवीतून कागद काढून तिच्या हातात दिला.

तिने हात पुसून तो घेतला. वाचताना तिच्या तोंडावर आधी हसू आलं. "मोऱ्या," ती म्हणाली. "लई गुनाचा हुता." मग ती समासातल्या शेऱ्यापर्यंत आली आणि हसू गेलं.

"हा तुमच्याकडं हुता व्हय? ऑफिसात जमा झाला म्हनला हुतात."

"हो. मी खोटं बोललो होतो."

तिने चुलीत लाकूड सारलं.

"आमची मंदा तुमच्या वर्गात हुती, सर," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीन. माझ्या मागनं पाच वर्सांनी. तुमच्या ध्यानात नसंल. दिवाळीच्या सुट्टीला घरी आली आन् म्हनली, ताई, सरांनी आज वर्गात आपला मोऱ्या वाचला. लई हसली पोरं. मी इचारलं, तू हसलीस का? म्हनली, हसले. न हसून कसं चालंल, समदी वळून बघत्याल ना."

नाव मी झाकायचो. बैलाचं नाव झाकायचं मला सुचलं नव्हतं.

"मंदाचं पुढे?" मी विचारलं.

"तिनं आपनहूनच गनित सोडलं. म्हनली, आपल्या घरात ते न्हाई."

मी मग जे सांगायला आलो होतो ते सांगून टाकलं. तिचं उत्तर बरोबर होतं. तिन्ही उत्तरं बरोबर होती. मार्क एक्केचाळीस व्हायला हवे होते, यादीत नाव यायला नको होतं. चूक माझी होती, मी वाचलंच नव्हतं. कागदावरची नवी सही दाखवली. बोलताना मला कुठेतरी वाटत होतं की ती म्हणेल, जाऊ द्या सर, झालं ते झालं. त्यासाठीच मी एवढ्या लांब आलो होतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

ती तसं म्हणाली नाही. ती त्या एक्केचाळिसाकडे बघत होती.

"दादा दोन वर्सांमागं गेलं," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील. "मरेपतुर म्हनायचं, सुनंदा कामाला वाघीन हाय, पन डोकं न्हाई तिला. सरांनी सोता सांगितलंया. मलाबी तसंच वाटायचं. हितं येनाऱ्या मानसांचा हिशेब धाकटा दीर करतो, मी कदी हात लावला न्हाई. म्हनलं, आपल्याच्यानं व्हायचं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिचं लक्ष नव्हतं. पलीकडून कुणी पर्यटक हाक मारत होतं, तिकडेही नाही. पाण्यापलीकडे धरणाची भिंत दिसत होती. तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात हात वर करताना होती तशीच ती नजर होती. खरंच विचारायचं होतं तिला.

"सर, हे बरूबर हाय, ते कवापासनं?"

एका शब्दाचं उत्तर होतं, पहिल्यापासून. मी पुढे होऊन करपणारी भाकरी तव्यावरून काढली.